जर्मन बेकरी बाँबस्फोट, पुणे

१३ फेब्रुवारी २०१०, शनिवार. संध्याकाळी सातच्या सुमारास कोरेगाव पार्कमधील गजबजलेल्या जर्मन बेकरीत बेवारस पिशवीतील बाँब फुटला. १७ जण मृत्युमुखी पडले, पन्नासहून अधिक जखमी झाले. मृतांत विद्यार्थी होते, परदेशी पाहुणेही. ओशो आश्रम आणि ज्यूंचे छाबाड हाऊस हाकेच्या अंतरावर. नाना देशांची, धर्मांची माणसे एका टेबलाशी चहा पितात, हा मोकळेपणाच मारेकऱ्यांना खुपत असावा. तपास यंत्रणांनी ठपका इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेवर ठेवला. स्फोटाच्या आधी भारत-पाक परराष्ट्र सचिव चर्चा नुकतीच जाहीर झाली होती. ती २५ फेब्रुवारीला ठरल्याप्रमाणे झाली. चर्चा उधळण्याचा हेतू असलाच, तर दहशतवादाचा तो एक डाव तरी फसला.

परिणामांचे मोजमाप मात्र मृतांच्या आकड्यावर थांबत नाही. सीसीटीव्ही, पिशव्यांची झडती, शेजाऱ्याविषयी संशय, हे नागरी जीवनात मुरत जाते. न्यायालयाची कसोटी वेगळीच. या स्फोटातील आरोपी हिमायत बेगला पुण्याच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये फाशी सुनावली; २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्फोटाच्या आरोपांतून त्याची मुक्तता केली, स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप तेवढी कायम ठेवली. बेकरी २०१३ मध्ये पुन्हा उघडली.