लघुप्रबंधाचे पहिले प्रकरण : शिक्षणशास्त्रातील एका जुन्या वादाच्या निमित्ताने

एम.एड.च्या लघुप्रबंधाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना त्याच्या पहिल्या प्रकरणातील मथळे पाठ असतात. संशोधनाची गरज, समस्येचे विधान, उद्दिष्टे, गृहीतके, परिकल्पना, कार्यात्मक व्याख्या, व्याप्ती आणि मर्यादा. साहित्याच्या अभ्यासकाला ही यादी पाहून थोडे हसू येते. आपल्याकडे कवितेवरचा प्रबंध निदान एखाद्या ओळीपासून सुरू होऊ शकतो. येथे मात्र सरकारी अर्जाचे रकाने भरल्यासारखा प्रकार दिसतो. ते सर्वस्वी खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. ग्रंथालयाच्या कपाटातील गतवर्षीचा लघुप्रबंध काढायचा, तालुक्याचे आणि विषयाचे नाव बदलायचे, ‘अध्ययन म्हणजे शिकणे’ अशी एखादी व्याख्या लिहायची आणि पुढच्या प्रकरणाला लागायचे, ही रीत अनेक ठिकाणी रुळलेली आहे. तरीही आमचे म्हणणे असे आहे की, या मथळ्यांमागे एक इतिहास आहे. भारतातील शिक्षणाविषयीचा एक मोठा वाद यांपैकी एकाच मथळ्यापाशी, म्हणजे कार्यात्मक व्याख्येपाशी, अडून बसला होता.

प्रथम या पदवीविषयी थोडे. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ साली निघाले, ते माध्यमिक शाळांतील शिक्षकांना अध्यापनाचे शिक्षण देण्यासाठी. शिक्षकाने उत्तम शिकवावे, ही त्यामागची अपेक्षा होती. पुढे १९३६ साली मुंबई विद्यापीठाने एम.एड.चा अभ्यासक्रम सुरू केला. देशातील तो पहिलाच. या घटनेचा अर्थ केवळ एक वरची पदवी मिळू लागली एवढाच नाही. तोवर शिक्षणासंबंधी चौकशी करण्याचा अधिकार राज्यकर्त्यांकडे होता. गव्हर्नर टिपण लिहीत, कलेक्टर आकडे पाठवीत, कमिशने साक्षी घेत. वर्गात उभा राहणारा शिक्षक या चौकशीचा विषय असे. फार तर तो माहिती पुरवी. शिक्षणशास्त्राच्या उच्च पदवीने त्याला प्रश्न विचारणाऱ्याच्या जागी आणण्याची वाट मोकळी केली. लघुप्रबंधाची योजना आखणे म्हणजे ही जागा घेणे होय. ती कशी घ्यावी हे समजण्यासाठी पूर्वीच्या चौकश्या कशा झाल्या, हे पाहणे उपयोगाचे ठरते.

दि. २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडन येथे केलेल्या भाषणात गांधीजींनी असे प्रतिपादन केले की, पन्नास किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या मानाने आजचा भारत अधिक निरक्षर आहे आणि गावोगावच्या देशी शाळा इंग्रजी अमलात नाहीशा झाल्या. श्रोत्यांमध्ये सर फिलिप हार्टॉग होते. ढाका विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. सायमन कमिशनच्या शिक्षणविषयक साहाय्यक समितीचेही अध्यक्ष. त्यांनी या विधानाला पुरावा मागितला. पत्रव्यवहार झाला, भेट झाली, पण हार्टॉग यांचे समाधान झाले नाही. पुढे त्यांनी लंडनमध्ये या विषयावर व्याख्याने दिली आणि ती १९३९ साली ग्रंथरूपाने आली. जुन्या भारतातील शाळांच्या विपुलतेची कथा ही दंतकथा आहे, असा त्यांचा निर्वाळा होता.

ज्या आकड्यावर त्यांचा मुख्य रोख होता तो विल्यम अ‍ॅडमचा. १८३५ ते १८३८ या काळात अ‍ॅडमने बंगाल-बिहारमधील देशी शिक्षणावर तीन अहवाल लिहिले. पहिल्या अहवालात या प्रांतांत एक लाख शाळा असाव्यात, असा अंदाज आहे. लोकसंख्या चार कोटी धरली तर दर चारशे माणसांमागे एक शाळा. हार्टॉग यांना हे अशक्य वाटले. आजच्या वाचकालाही ते तसेच वाटेल, कारण ‘शाळा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक इमारत, पगारी शिक्षक, हजेरीपट आणि घंटा उभी राहते.

येथे रा. वि. परुळेकर यांचे नाव येते. मुंबई इलाख्यातील शिक्षणाचे हे चिकाटीचे अभ्यासक. १९४८ साली मुंबईत स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्यास आलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या उभारणीत जे. पी. नाईक यांच्याबरोबर त्यांचाही वाटा होता. ब्रिटिशपूर्व काळातील साक्षरतेवर त्यांनी १९४० साली जे लिहिले त्यात हार्टॉग यांना उत्तर होते. ते उत्तर देशाभिमानाच्या भाषेत दिले असते तर फार टिकले नसते. परुळेकरांनी साधा प्रश्न विचारला: अ‍ॅडमने ‘शाळा’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला? त्यांचे म्हणणे असे होते की, मुलाला शिकविले जाते ते कोणतेही ठिकाण, मग तो घराचा सोपा का असेना, अ‍ॅडमच्या हिशेबात शाळा ठरते. घरी बाप किंवा नेमलेला गुरू मुलांना शिकवीत असे, तेही त्यात आले. हा अर्थ घेतला तर लाखाचा आकडा दंतकथा राहत नाही. आधुनिक अर्थ घेतला तर हार्टॉग बरोबर ठरतात. म्हणजे दोन विद्वान एकाच कागदावरून भांडत होते आणि भांडणाचे मूळ एका शब्दाच्या व्याख्येत होते.

या शब्दाने किती फरक पडतो याचे उत्तर अ‍ॅडमच्या दुसऱ्या अहवालात आहे. राजशाही जिल्ह्यातील नाटोर या एकाच ठाण्याची त्याने गावोगाव पाहणी केली. गावे ४८५, लोकसंख्या सुमारे १ लाख ९५ हजार. तेथे प्राथमिक शाळा आढळल्या अवघ्या २७ आणि त्यांत मुले २६२. मात्र घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या याच्या सुमारे नऊपट निघाली. मद्रास इलाख्यात टॉमस मन्रोने १८२२ साली चौकशी सुरू केली होती. तीत मद्रास शहरात घरी शिकणाऱ्यांची संख्या शाळेत शिकणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आली. एवढा आकडा पाहून त्यात काही चूक असावी, अशी शंका मन्रोने स्वतःच नोंदवून ठेवली. हाती आलेला आकडा आपल्या बाजूचा असो वा नसो, तो खटकला तर तसे लिहावे, हा धडा शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्या जुन्या प्रशासकाकडून घेण्यासारखा आहे.

आपल्या मुंबई इलाख्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. गव्हर्नरच्या कौन्सिलचे सभासद प्रेंडरगास्ट यांनी १८२१ साली लिहून ठेवले की, आमच्या मुलखात ज्यात एकही शाळा नाही असे गाव क्वचितच सापडेल. नंतर एल्फिन्स्टनच्या १० मार्च १८२४ च्या टिपणावरून कलेक्टरांकडून शाळांची आणि विद्यार्थ्यांची माहिती मागविण्यात आली. १८२९ सालच्या एकत्रित आकड्यांत सुमारे ४७ लाख लोकसंख्येमागे १,७०५ शाळा आणि सुमारे ३५ हजार मुले दिसतात. ही दोन्ही विधाने एकाच इलाख्याविषयी आणि आठ वर्षांच्या अंतराने केलेली आहेत. दोन्ही शब्दशः खरी मानता येत नाहीत. परुळेकरांनी दाखविले की या आकड्यांत घरगुती शिक्षण धरलेले नाही आणि माहितीही अपुरी आहे. लघुप्रबंधाच्या परिभाषेत सांगायचे तर, कलेक्टरांना पाठविलेली प्रश्नावली हेच येथे माहितीचे साधन. त्या साधनात जो प्रश्न नव्हता त्याचे उत्तर आकड्यात येणे शक्य नव्हते. साधनाच्या सप्रमाणतेवर आजचा विद्यार्थी जे एक पान खर्च करतो ते कोरडे वाटते ते त्यामागची ही हकिगत त्याला कोणी सांगत नाही म्हणून.

योजनेच्या दृष्टीने पाहिले तर अ‍ॅडमचे तीन अहवाल हा आम्हाला एक आदर्श वाटतो. १८३५ च्या अहवालात त्याने स्वतः काहीच मोजले नाही. आधीच्या लोकांनी काय लिहिले आहे ते एकत्र केले. हा झाला संबंधित साहित्याचा आढावा. १८३६ च्या अहवालासाठी एक ठाणे निवडून तेथे पद्धत तपासून पाहिली. ही पथदर्शक पाहणी. १८३८ मध्ये तो मुर्शिदाबाद, बीरभूम, बर्दवान, दक्षिण बिहार आणि तिरहुत या जिल्ह्यांकडे वळला. आधी वाचन, मग लहानशी चाचणी, मग मोठे काम, हा क्रम त्याने पाळला. आज अनेक विद्यार्थी याच्या उलट करतात. प्रश्नावल्या प्रथम वाटून होतात, उत्तरे गोळा होतात आणि आढाव्याचे प्रकरण शेवटच्या महिन्यात लिहिले जाते. मग आपला प्रश्न दहा वर्षांपूर्वीच कोणी सोडविलेला होता, हे कळते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

राहिला मर्यादेचा मथळा. वेळ व पैसा यांच्या अभावी संशोधन अमुक शाळांपुरते मर्यादित आहे, असे एक वाक्य येथे लिहून सुटका करून घेण्याची पद्धत आहे. परंतु खरी मर्यादा कोणती असते? नाटोरच्या आकड्यांतून मुले किती शिकत होती ते समजते. कोणाची मुले शिकत होती, हा प्रश्न वेगळा. शिकलेली मुलगी विधवा होते अशी समजूत लोकांत आहे, हे अ‍ॅडमनेच लिहिले आहे. मग ‘गावागावात शिक्षण होते’ या वाक्यातून निम्मे गाव आधीच वगळले गेले! महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे जे निवेदन सादर केले त्याचा गाभा हाच आहे. सरकारचा महसूल शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या जातींना मिळतो, म्हणून प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. गांधीजी आणि हार्टॉग यांचा वाद शाळा किती होत्या यावर चालला. फुल्यांनी त्याच्या अर्धशतक आधी त्या कोणासाठी आहेत, हे विचारले होते. परुळेकरांच्या उत्तराने पहिला प्रश्न बराचसा सुटतो, दुसरा सुटत नाही. हे स्पष्ट लिहिणे म्हणजे मर्यादा लिहिणे. तेथेच पुढच्या संशोधकासाठी जागा तयार होते.

लघुप्रबंध पूर्ण करणे याचा अर्थही यातून निराळा लागतो. पुरावा जेथवर नेतो तेथवरच जायचे आणि थांबायचे, याला आम्ही पूर्ण करणे म्हणतो. शंभर विद्यार्थ्यांच्या गुणांवर टी-मूल्य काढून शेवटच्या प्रकरणात शासनाने, समाजाने आणि पालकांनी काय करावे याच्या वीस शिफारशी देणे ही पूर्तता नव्हे. अ‍ॅडमचा लाखाचा अंदाज शंभर वर्षे गाजला आणि नाटोरच्या २७ शाळा मागे पडल्या, याचे कारण मोठे विधान लवकर पाठ होते. लहान आणि तपासलेले विधान जपण्याचे काम संशोधकालाच करावे लागते.

आजची स्थिती पाहता याची गरज वाढली आहे. १९७४ साली बडोद्याहून म. ब. बुच यांच्या संपादनाखाली भारतातील शिक्षणविषयक संशोधनाचे पहिले सर्वेक्षण प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे कोणते काम झाले आहे ते एका ठिकाणी पाहण्याची सोय झाली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी एम.एड. दोन वर्षांचे केले. त्यामुळे योजनेला थोडी उसंत मिळाली. पीएच.डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगा’वर पाहता येतात. एम.एड.चे लघुप्रबंध मात्र पुष्कळ ठिकाणी महाविद्यालयाच्या कपाटातच राहतात. त्यांत एखाद्या आश्रमशाळेतील, एखाद्या ऊसतोड कामगारांच्या वस्तीवरील किंवा पालिकेच्या शाळेतील मुलांविषयी, त्यांच्याच शिक्षकाने लिहिलेल्या नोंदी असू शकतात. कलेक्टरांच्या प्रश्नावलीत जे सुटले ते अशाच ठिकाणी सापडण्याची शक्यता असते. उद्या कोणी परुळेकर आपल्या काळातील शिक्षणाचा शोध घेऊ लागला तर त्याला हीच कपाटे उघडावी लागतील. तेव्हा ‘शाळाबाह्य मूल’ म्हणजे आपण नेमके कोणाला म्हणत होतो, हजेरीपटावर नाव असलेले पण दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेले मूल त्यात धरले होते की नाही, हे त्याला पहिल्या प्रकरणातच सापडले पाहिजे. ती व्याख्या लिहिताना विद्यार्थ्याने गतवर्षीचा लघुप्रबंध बाजूला ठेवावा आणि आपल्या वर्गातील रिकाम्या जागांकडे एकदा पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.