परदेशातील शेतावर काही महिने: 'वूफ'ची माहिती आणि कवितेची वही



आपल्या मुलांनी कॉलेज संपवून नोकरीला लागावे, ही आपली सरळ अपेक्षा. आमच्या लेकीने मात्र जेवताना जाहीर केले, "नोकरी सहा महिन्यांनी. आधी न्यूझीलंडला जाऊन शेतांवर काम करणार आणि कविता लिहिणार." माझ्या सासूबाई आमच्याकडेच असतात. त्या म्हणाल्या, "अगं, शेतातून सुटायला आम्ही शहरात आलो, आणि तू पदरचे पैसे घालून शेण काढायला निघालीस?"

पुढचे दोन महिने घरात हाच विषय होता. २०२४ च्या जानेवारीत ती गेली आणि मे महिन्यात सुखरूप परत आली. त्या काळात आम्ही जी माहिती जमवली आणि ज्या चुका केल्या, त्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हा लेख. या प्रवासाला घाबरण्यासारखे काही नाही, पण त्याला नुसती सहल समजून मुलांना पाठवणेही बरोबर नाही.

'वूफ' म्हणजे काय?

'वर्ल्ड वाइड ऑपॉर्च्युनिटीज ऑन ऑरगॅनिक फार्म्स' या नावाच्या आद्याक्षरांवरून 'वूफ' हा शब्द आला. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कॉपर्ड यांना शनिवार-रविवार खेड्यात जायचे होते, पण खेड्यात ओळखीचे कोणी नव्हते. ससेक्समधील एमर्सन कॉलेजच्या शेतावर त्यांनी पहिला शनिवार-रविवार ठरवला. शहरातल्या लोकांनी काम करायचे आणि शेतकऱ्याने राहण्या-जेवण्याची सोय करायची, एवढाच करार. आज हीच पद्धत अनेक देशांत चालते आणि बहुतेक ठिकाणी त्या त्या देशाची वेगळी संस्था आहे. वार्षिक वर्गणी भरली की शेतांची यादी मिळते, आणि पुढचा पत्रव्यवहार आपणच थेट शेतकऱ्याशी करायचा असतो.

काम साधारणपणे दिवसाला ४ ते ६ तासांचे. त्याबद्दल पैसे मिळत नाहीत आणि राहण्या-जेवण्याचे पैसे द्यावेही लागत नाहीत. निंदणी, वाफे तयार करणे, फळे तोडणे, कुंपण दुरुस्त करणे, कोंबड्या-बकऱ्यांकडे बघणे, शेणखत पसरणे अशी कामे असतात. 'वर्कअवे' आणि 'हेल्पएक्स' या अशाच दुसऱ्या सोयी. त्यांत शेतांबरोबर घरे, छोटी हॉटेले वगैरेही असतात.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्याकडे 'इर्जिक' घालतात. एका शेतकऱ्याच्या शेतावर गावातले लोक आपापली औते घेऊन येतात, दिवसभर काम करतात, मजुरी घेत नाहीत आणि घरधनी सगळ्यांना जेवू घालतो. सासूबाईंना 'वूफ' समजावताना हा शब्द आठवला आणि अर्धा विरोध तिथेच मावळला!

सर्वांत महत्त्वाचे: व्हिसा

"पैसे घेत नाही म्हणजे ते काम नाही," असे आम्हीही धरून चाललो होतो. हा समज चुकीचा आहे. बऱ्याच देशांत जेवण आणि निवारा हाही मोबदलाच मानला जातो. विमानतळावर अधिकाऱ्याने विचारले आणि मुलाने भाबडेपणाने "शेतावर काम करायला आलो" असे सांगितले, तर पर्यटक व्हिसावर आलेल्याला तिथूनच परत पाठवले जाऊ शकते.

१. न्यूझीलंड: जेवण-निवाऱ्याच्या बदल्यात केलेले काम हे इमिग्रेशनच्या दृष्टीने कामच. त्यासाठी 'वर्किंग हॉलिडे' व्हिसा घ्यावा. अमेरिकन नागरिकांना तो १८ ते ३० या वयात मिळतो, ब्रिटिश नागरिकांना ३५ पर्यंत.

२. ऑस्ट्रेलिया: इथेही याच प्रकारचा व्हिसा लागतो. पूर्वी बिनपगारी शेतकामाचे दिवस दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी धरले जात. २०१५ पासून ते बंद झाले असून आता पगारी कामच धरतात. जुन्या पुस्तकांतली माहिती वाचून फसू नये. भारतीय पासपोर्ट असलेल्या १८ ते ३० वयाच्या तरुणांसाठी ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये सोडत पद्धतीने १००० जागांची योजना सुरू केली. आखाती देशांतल्या आपल्या मुलांनी तिची चौकशी जरूर करावी.

३. ब्रिटन: पाहुणा म्हणून आलेल्याला फक्त नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत, आणि तेही ३० दिवसांपर्यंतच, स्वयंसेवा करता येते. खाजगी शेतावरचे काम त्यात बसत नाही. पुण्याहून महिनाभरासाठी आलेल्या भाच्याला हौसेने शेतावर पाठवू नका.

४. अमेरिका: पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. एफ-१ किंवा एच-४ वर असलेल्यांनीही जेवणाच्या बदल्यातले काम 'रोजगार' ठरू शकते हे लक्षात ठेवून आधी वकिलाचा किंवा कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः खात्री करावी.

शेत कसे निवडावे?

आमच्या लेकीचे पहिले शेत फसले. चार-पाच तास ठरलेले काम आठ-नऊ तासांवर गेले आणि राहायला दिलेला कॅरव्हॅन गळका निघाला. ती भिडेखातर गप्प बसली, कारण घरून आम्हीच शिकवलेले, "पाहुण्यांनी तक्रार करू नये." चौथ्या दिवशी फोनवर रडली, तेव्हा तिच्या बाबांनी सांगितले, "तू पाहुणी नाहीस, काम करतेयस. बॅग भर." तिने शेतकऱ्याला नीट सांगून निरोप घेतला आणि बसने जवळच्या गावी गेली. सुदैवाने जवळ पैसे होते. त्यानंतरची तिन्ही शेते उत्तम मिळाली, कारण आता पत्रात काय विचारायचे ते तिला कळले होते:

- दिवसाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कोणती?
- झोपण्याची जागा घरात, तंबूत की कॅरव्हॅनमध्ये? दाराला आतून कडी आहे का?
- त्या काळात आणखी कोणी स्वयंसेवक असतील का? पूर्वी राहून गेलेल्यांचे अभिप्राय काय आहेत?
- जवळचा बस थांबा, दुकान, दवाखाना किती दूर? फोनला रेंज आहे का?
- स्वयंपाक कोण करते? शाकाहारी असल्यास पहिल्याच पत्रात सांगावे. जनावरे पाळणाऱ्या शेतावर मांसासाठी ती मारलीही जातात, याची मनाशी तयारी ठेवावी.

पहिला मुक्काम एका आठवड्याचाच ठरवावा, पटले तर वाढवता येतो. दोन रात्रींची खोली आणि परतीची बस एवढे पैसे कायम बाजूला असावेत. त्या पैशांना हात लावायचा नाही, हा नियम.

तब्येत, सामान आणि विमानतळ

धनुर्वाताच्या इंजेक्शनला दहा वर्षे झाली असतील तर निघण्यापूर्वी घ्यावे. न्यूझीलंडमध्ये अपघाती दुखापतीच्या उपचारांना 'एसीसी' ही सरकारी योजना पर्यटकांनाही मदत करते, पण आजारपण किंवा घरी परत आणण्याचा खर्च तिच्यात येत नाही. त्यामुळे प्रवास विमा हवाच, आणि त्यात शेतकाम धरले आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. चारचाकी क्वाड बाईक हे तिथल्या शेतांवरच्या जीवघेण्या अपघातांचे एक मोठे कारण आहे. नीट शिकवल्याशिवाय आणि हेल्मेटशिवाय तिच्यावर बसायचे नाही, "नाही" म्हणायला लाजायचे नाही.

सामानात टणक बूट, हातमोजे, टोपी, रेनकोट आणि दोन जुन्या पँट पुरतात. आता आयांसाठी खास सूचना! न्यूझीलंडमध्ये खाण्याचा प्रत्येक पदार्थ अर्जावर जाहीर करावा लागतो. न सांगता आणलेल्या जोखमीच्या वस्तूसाठी जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होतो. फळे, मध आणि बियाणे देऊच नयेत. लाडू, चिवडा, मसाला दिलाच तर जाहीर करायला सांगावे. मातीने भरलेले बूटही जाहीर करावे लागतात, म्हणून ते घासूनपुसून न्यावेत.

ऋतू उलटे असतात हेही विसरू नये. तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी उन्हाळा, आणि किवी फळांची तोडणी साधारण मार्चपासून सुरू होते. ती बहुतेक पगारी असते आणि वर्किंग हॉलिडे व्हिसावर करता येते.

आणि कविता?

लेक निघाली तेव्हा तिला वाटत होते की डोंगर पाहिले की कविता सुचेल. प्रत्यक्षात पहिले पंधरा दिवस ती रात्री आठला गाढ झोपत होती. शेतावर लिहायला वेगळा वेळ मिळत नाही, तो काढावा लागतो. तिने शेवटी जी पद्धत बसवली ती अशी: खिशात मावणारी वही आणि पेन्सिल (ओल्या हातांनी शाईचे काही खरे नाही). दिवसा फक्त शब्द टिपायचे, म्हणजे अवजाराचे नाव, वास, शेतकऱ्याने उच्चारलेले एखादे वाक्य. संध्याकाळी हातपाय धुतल्यावर वीस मिनिटे बसून त्यातून चार ओळी करायच्या. सुट्टीच्या दिवशी आठवड्याची वही पुन्हा वाचायची.

प्रवासात लिहिणाऱ्यांना जपानी 'हायबुन' हा प्रकार सोयीचा पडतो. त्यात थोडे गद्य आणि शेवटी एक हायकू असतो. बाशो हा कवी १६८९ साली सोरा या सोबत्याबरोबर उत्तर जपानच्या पायी प्रवासाला निघाला. त्या प्रवासाचे 'ओकु नो होसोमिचि' हे पुस्तक याच पद्धतीचे आहे. वाटेत ऐकलेल्या भातलावणीच्या गाण्यांवरही त्याने हायकू रचला. मराठीत हायकू रुजवला तो शिरीष पै यांनी.

हात मातीत असताना कविता करणारे आपल्याकडेही झाले. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात सुचलेली त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. 'रानातल्या कविता' (१९६७) लिहिणारे ना. धों. महानोर पळसखेड्याला स्वतः शेती करत. अमेरिकेत रॉबर्ट फ्रॉस्ट यांनी १९०० पासून काही वर्षे न्यू हॅम्पशायरमधील डेरी गावी कोंबड्या पाळल्या, आणि त्यांच्या कवितेतले बरेच शेत तिथले आहे. जवळ राहणाऱ्यांनी ते घर जरूर पाहावे.

एक पथ्य मात्र पाळावे. ज्यांच्या घरी आपण जेवतो त्यांची भांडणे, आजार, पैशांच्या अडचणी नावानिशी कवितेत आणू नयेत आणि मुलांचे फोटो न विचारता कुणाला पाठवू नयेत.

एक शब्द

मार्चमध्ये लेकीचा आजीला फोन आला. पाऊस पडून गेला होता. शेतकऱ्याने मातीचा गोळा मुठीत दाबून पाहिला, तो फुटेना, तेव्हा "अजून दोन दिवस थांबू" म्हणाला. तिसऱ्या दिवशी गोळा हातात भुसभुशीत झाला आणि पेरणी सुरू झाली. "आजी, माती अशी होते त्याला एक शब्द हवाय. इंग्लिशमध्ये मला सापडत नाहीये."

सासूबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. "वाफसा. वाफसा आला की पेरायचं." मग त्या फोनवर अर्धा तास बोलत राहिल्या: काळी जमीन, हलकी जमीन, कुठे वाफसा लवकर येतो, त्यांचे वडील कसे पायाने ढेकूळ फोडून बघत. सातारा जिल्ह्यातली त्यांची जमीन विकून चाळीस वर्षे झाली. एवढ्या वर्षांत या गोष्टी आम्ही कोणी त्यांना विचारल्याच नव्हत्या.

लेकीची ती कविता इंग्रजीत आहे, पण तिचे नाव 'वाफसा'. देवनागरीत अक्षरे जोडत तिने ते स्वतः लिहिले. तो कागद आता सासूबाईंच्या पोथीत असतो.

तुमच्या घरातले कोणी असे जायचे म्हणत असेल तर आधी व्हिसा तपासा, मग विमा आणि मग शेत. आणि निघण्यापूर्वी त्यांना आजी-आजोबांशेजारी एक दुपार बसवा. वहीतले पहिले पान तिथेच भरेल.