बालकांच्या कारक विकासाच्या मापनाचा इतिहास व परभणी जिल्हा

मान धरणे, कुशीवर वळणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे व पाऊल टाकणे या क्रमाने होणाऱ्या प्रगतीस बालमानसशास्त्रात कारक विकास म्हणतात. मराठी घरांना हा क्रम पूर्वापार परिचित होता. लाकडी पांगुळगाडा त्याचीच साक्ष देतो. महिन्यांचा काटेकोर हिशेब मात्र विसाव्या शतकात अमेरिकेतून आला. अर्नोल्ड गेझेल व नॅन्सी बेली यांची मानके तेथील बालकांवर आधारलेली होती. त्यांवरून भारतीय मुलास मंद ठरविणे कितपत न्याय्य?

या प्रश्नाचे उत्तर प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शोधले. बेली यांच्या मापनश्रेणीच्या आधारे सिद्ध झालेली बडोदा मानके १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे त्यांतून साकारलेल्या भारतीय श्रेणीत ६७ कारक घटक आहेत.

परभणीस १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या गृहविज्ञान महाविद्यालयात (आताचे सामुदायिक विज्ञान) बालविकासाच्या अध्यापनास स्थान मिळाले. कृषी विद्यापीठात हा विषय असणे वाटते तितके विसंगत नाही. शेतमजूर मातेचे मूल अनेकदा बांधावरच रांगू लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये भारतासह पाच देशांतील बालकांच्या निरीक्षणांवरून आधाराविना चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा दिला. त्या अभ्यासातील सुमारे ४.३ टक्के बालके हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा न रांगता उभे राहिलेले मूल एवढ्यावरून सदोष ठरत नाही. अठरा महिन्यांनंतरही न चालणाऱ्या मुलाची तपासणी मात्र टाळता येत नाही.