जड चाके बसवल्यावर शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलावेत का?
गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिची उसळी आवरतो. त्यातले तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते.

चाक आणि टायर यांचा भार स्प्रिंगवर येत नाही. त्यामुळे जड चाकांसाठी स्प्रिंग बदलावी लागत नाही. मात्र खड्ड्यानंतर जड चाक सहज स्थिरावत नाही. मूळ शॉक कमी पडला, तर चाक रस्त्यावर नाचते, पकड सुटते, ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते आणि टायर जागोजागी झिजतो.

अशी लक्षणे दिसल्यास त्याच मॉडेलसाठी बनवलेले जास्त क्षमतेचे शॉक बसवावेत. पुढची किंवा मागची जोडी एकत्रच बदलावी. गरजेपेक्षा कडक शॉकनेही पकड घटते.