कट कोणी पाहिला?

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र नाशिककर विसरलेले नाहीत. विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन आले आणि अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. खून भरल्या नाट्यगृहात झाला. पण कट कोणी पाहिला?

कायद्यापुढचा पेच हाच. सावरकर तेव्हा विलायतेत होते. तरी १९१० मध्ये मुंबई हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांपुढे उभ्या राहिलेल्या ३८ आरोपींत तेही होते. १८७० साली दंडसंहितेत घातलेल्या कलम १२१-अ ला गोळी सुटण्याची गरज नव्हती. राजसत्तेविरुद्ध युद्धाचा बेत ठरला की गुन्हा पुरा. बेत डोळ्यांना दिसत नाही. मग तो माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून उभा राहतो. लंडनहून २० ब्राउनिंग पिस्तुले आणणारा चतुर्भुज अमीन असाच साक्षीदार झाला.

१८७२ च्या पुरावा कायद्याचे दहावे कलम म्हणे, कट असल्याचे मानायला वाजवी आधार असला, की त्या हेतूने एकाने केलेले, बोललेले, लिहिलेले इतरांविरुद्धही चालते. लगामही आहे: साथीदाराच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा दुजोरा हवा, असा न्यायालयांचा दंडक, आणि कट संपल्यावरचे बोलणे या कलमात बसत नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १९४० मध्ये ठरवले.

१ जुलै २०२४ पासून कायद्यांची नावे बदलली, कलमांचे आकडे बदलले. तत्त्व तेच राहिले. म्हणून मंडळी, संगत आणि संगनमत यांतला फरक न्यायाधीशाने दरवेळी नव्यानेच तपासायचा असतो. त्या फरकावर एखाद्याचे अख्खे आयुष्य टांगलेले असते.