धोब्याची खूण, उलटी नावे आणि एक पिस्तूल

वाचकहो, गांधीजींचा खून कोणी केला हा वादाचा प्रश्न नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी संध्याकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी बिर्ला हाऊसच्या हिरवळीवर, प्रार्थनेला जमलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत तो झाला आणि नथुराम गोडसे जागच्या जागी पकडला गेला. वाद आहे तो त्याआधीच्या चौदा दिवसांचा. १७ जानेवारीला मुंबईहून विमानाने दिल्लीला गेलेला हा माणूस पुढे कुठे कुठे फिरला, कोणत्या नावाने राहिला, हत्यार कुठून आणले, याचे लहानलहान दुवे खटल्याच्या आणि कपूर आयोगाच्या कागदांत विखुरलेले आहेत. त्यांतले काही जुळतात, काही आजही जुळत नाहीत.

(नथुरामला अहो म्हणावे की अरे, यावरूनच आपल्याकडे सभा मोडतात. मी सर्वच आरोपींना एकेरीत लिहिणार आहे. ज्यांना रुचणार नाही त्यांनी क्रियापदे आपापली बदलून घ्यावीत.)

आमच्या शास्त्रात हानेमान यांनी ‘ऑर्गेनॉन’च्या १५३व्या सूत्रात सांगून ठेवले आहे की, डोके दुखते, भूक नाही, ही लक्षणे शंभर जणांत सापडतात, औषध ठरते ते विचित्र, एकट्या त्या रोग्याचे असे लक्षण पकडून. पुराव्याकडे मी याच सवयीने पाहतो.

तर पहिले लक्षण नावांचे. १७ जानेवारीच्या विमानात नथुराम आणि नारायण आपटे बसले ते करमरकर आणि मराठे या नावांनी. दिल्लीत मरीना हॉटेलच्या ४० नंबरच्या खोलीत उतरले ते देशपांडे म्हणून. २० जानेवारीला मदनलाल पाहवाने बिर्ला हाऊसच्या भिंतीशी स्फोट केला, तो पकडला गेला, बाकीचे पळाले. नथुराम आणि आपटे कानपूरमार्गे २३ तारखेला मुंबईत आले. २७ जानेवारीला ते पुन्हा विमानाने दिल्लीला निघाले तेव्हा नावे होती डी. नारायणराव आणि एन. विनायकराव. आता पाहा. आपट्याचे पूर्ण नाव नारायण दत्तात्रेय, गोडशाचे नथुराम विनायक. म्हणजे पहिल्या खेपेला आडनावे साफ परकी; दुसऱ्या खेपेला स्वतःचेच नाव आणि बापाचे नाव, फक्त आडनाव गाळून, आणि आपट्याच्या बाबतीत उलटे फिरवून. दिल्ली स्टेशनच्या विश्रामगृहात ६ नंबरची खोली घेतली तीही एन. विनायकराव म्हणूनच.

मदनलाल पोलिसांच्या ताब्यात असताना लपण्याची काळजी वाढायला हवी होती. इथे ती कमी झालेली दिसते. काहींच्या मते हा निव्वळ गाफीलपणा. मला तसे वाटत नाही. नथुरामने १३ आणि १४ जानेवारीलाच आपल्या विम्याच्या दोन पॉलिसी, एक आपट्याच्या पत्नीच्या आणि दुसरी आपल्या धाकट्या भावाच्या पत्नीच्या नावे करून दिल्या होत्या. परत येण्याचा हिशेब त्याने तेव्हाच मिटवला होता. ज्याला पकडले जायचेच आहे त्याला नाव लपवायचे ते फक्त काम होईपर्यंत. पण मग आपट्याचे काय? त्याने तर खुनानंतर पळ काढला आणि १४ फेब्रुवारीला मुंबईच्या हॉटेलात तो पकडला गेला. त्यानेही उलटे का होईना, खरेच नाव का वापरले? माझ्या तर्कात ही गोष्ट बसत नाही आणि ती बसते असे दाखवण्याची मला हौस नाही.

दुसरे लक्षण कपड्यांचे. मरीना हॉटेलातून घाईने पळताना धुवायला दिलेले कपडे मागे राहिले. त्यांवर खूण होती एन. व्ही. जी. आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल, धोबी कपड्याच्या आतल्या बाजूला बिब्ब्याने खूण करीत आणि ती कपडा फाटला तरी जात नसे. (आम्ही ज्याला अ‍ॅनाकार्डियम म्हणतो ते औषध याच बिब्ब्याचे.) त्याच खोलीत हिंदुमहासभेचे सरचिटणीस आशुतोष लाहिरी यांच्या निवेदनाची टंकलिखित प्रत सापडली. शिवाय मदनलालने आपल्या साथीदारांत पुण्याच्या एका मराठी दैनिकाचा संपादक असल्याचे सांगितले होते. आधी ‘अग्रणी’, मग ‘हिंदुराष्ट्र’ असे ते दैनिक. चालक ना. द. आपटे, संपादक ना. वि. गोडसे, ही माहिती मुंबई सरकारच्या दप्तरी नोंदलेली. तीन अक्षरे कपड्यावर, तीच तीन अक्षरे दप्तरात. दोन्ही कागद एका टेबलावर यायला हवे होते, ते आले नाहीत.

का आले नाहीत, यावरच खरा वाद आहे. दिल्लीचे दोन अधिकारी विमानाने मुंबईला येऊन नगरवाला यांना भेटले. त्यांचे म्हणणे, आम्ही संपादकाचा दुवा दिला होता. नगरवाला यांचे म्हणणे, मला करकरेखेरीज नाव मिळाले नाही. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी वीस वर्षांनी हे सारे उलगडून पाहिले. पुण्याचे पोलीस अधिकारी राणा तेव्हा दिल्लीतच होते. मदनलालच्या जबाबाची प्रत घेऊन ते २५ जानेवारीला रेल्वेने, तीही अलाहाबादमार्गे, निघाले आणि २७ला मुंबईत पोचले. त्याच २७ तारखेला नथुराम आणि आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीकडे गेले. जबाब इकडे आला, माणसे तिकडे गेली.

आणखी एक दुवा आमच्या समाजातला. रुईया महाविद्यालयातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालने आधीच कटाची कुणकुण दिली होती. २० तारखेच्या स्फोटाची बातमी वाचताच ते बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांना भेटले. त्यांनी आधी का नाही सांगितले, असे त्यांना पुढे सतत विचारले गेले. निर्वासितांच्या त्या संतापाच्या दिवसांत असे बोलणारी पोरे गल्लोगल्ली होती. कोणाचे खरे मानायचे? दवाखान्यात बसणाऱ्याला हा प्रश्न रोज पडतो. मी जैन सरांना दोष देणार नाही.

याचे मोल कोणी भरले तेही पाहू. कपड्यावरची तीन अक्षरे दहा दिवस कोणी वाचली नाहीत. पण खुन्याचे आडनाव रेडिओवरून कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरे केवळ आडनाव वाचून जाळली गेली. आपण सत्तरीकर तेव्हा पोर्तुगीज सरहद्दीच्या अलीकडे होतो, म्हणून ती धग इथे पाहुण्यारावळ्यांच्या तोंडूनच आली. पण तुमच्या वाड्यांत अशी एखादी कहाणी नसेल असे मला वाटत नाही.

सावरकरांच्या प्रश्नात मी इथे शिरत नाही. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, आयोगाने पुढे वेगळा निष्कर्ष लिहिला. त्याला स्वतंत्र व्याख्यान लागेल. चौथ्या गोळीचा वादही मी सोडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो पुन्हा उकरण्यास नकार दिला आणि तो योग्यच होता, कारण त्यात ओरड पुष्कळ होती, दुवा नव्हता.

खरा न सुटलेला दुवा पिस्तुलाचा आहे. इटलीत १९३४ साली बनलेले बेरेट्टा, क्रमांक ६०६८२४. सरकार पक्षाचे म्हणणे असे: २७ तारखेला दिल्लीत उतरून दोघे त्याच दिवशी ग्वाल्हेरला गेले, डॉ. परचुरे यांच्याकडे राहिले, २८ला पिस्तूल मिळवून २९ला दिल्लीत परतले. परचुरे यांनी कबुलीजबाब दिला आणि मग मागे घेतला. वरच्या न्यायालयाने १९४९ मध्ये त्यांना सोडले. पिस्तूल हातोहात पोचवल्याचा ज्यांच्यावर संशय, ते दंडवते, जाधव आणि शर्मा खटल्यात फरारीच राहिले. नथुरामने ग्वाल्हेरला गेल्याचे नाकारले नाही. तो म्हणाला, स्वयंसेवक मागायला गेलो होतो, नकार मिळाला. पिस्तूल दिल्लीच्या निर्वासित छावणीत विकत घेतले.

नथुरामचे म्हणणे मला पटत नाही. ज्याने पॉलिसीही नावावर करून दिल्या त्याला २७ तारखेला स्वयंसेवक कशाला हवे होते? हत्यार हवे होते. दिल्लीत ते सहज मिळत असते तर उतरल्या दिवशीच तीनशे किलोमीटरवरच्या ग्वाल्हेरला धावण्याचे कारण नव्हते. नकार मिळाल्यावर एका दिवसात छावणीतून चांगले चालणारे पिस्तूल मिळाले, हेही फार सोयीचे आहे. त्याने छावणीची गोष्ट सांगितली ती ग्वाल्हेरकरांना वाचवण्यासाठी, असा माझा कौल. मनोहर माळगावकर, जे आपल्या शेजारी जगलबेटला राहत आणि ज्यांनी सुटून आलेल्या आरोपींशी बोलून पुस्तक लिहिले, तेही ग्वाल्हेरचीच वाट धरतात. पण माझा कौल म्हणजे पुरावा नव्हे. ते इटालियन पिस्तूल ग्वाल्हेरपर्यंत कोणत्या हातांनी आले, ती साखळी न्यायालयात अखेरपर्यंत सिद्ध झाली नाही. १५ नोव्हेंबर १९४९ला अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम आणि आपटे यांना फाशी झाली तेव्हा ती सांगू शकणारी दोन माणसे गेली.