ओसरीवर थांबलेल्या कथा

अर्नाळ्याचा किल्ला समुद्रात उभा आहे आणि गाव किनाऱ्यावर वसले आहे. वसई तालुक्यातील या गावाचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत नेले ते मात्र किल्ल्याने नव्हे, तर एका कथालेखकाच्या टोपणनावाने. चंद्रकांत सखाराम चव्हाण या गृहस्थांनी बाबूराव अर्नाळकर हे नाव धारण करून हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. १९९६ साली ते निवर्तले. आमच्या परिसरात साहित्याचे मेळावे होतात, व्याख्यानमाला होतात. त्यांतील अनेक भाषणे आम्ही ऐकली आणि काही स्वतःही केली. त्यांत अर्नाळकरांचा उल्लेख आम्हांला आठवत नाही. आमच्या स्वतःच्या भाषणांतही तो नव्हता.

घरी आलेल्या पाहुण्याला माजघरात न्यायचे की ओसरीवरच पाणी देऊन वाटेला लावायचे, हे जुन्या घरांत घरातली वडीलमाणसे ठरवीत. मराठी साहित्याच्या घरातही रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा या तीन पाहुण्यांच्या बाबतीत असेच काहीसे घडले. आम्ही या तिन्ही प्रकारांचे जुने वाचक आहोत. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि एका वाचकाचे मत म्हणून चार शब्द नमूद करावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन प्रवाह, एकच उगम

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’चा (१८५७) निर्देश केला जातो. एका ख्रिस्ती लेखकाने हिंदू विधवांची दुःखे वेशीवर टांगली, आणि मराठी कादंबरी वास्तवाचे बोट धरून चालू लागली. परंतु अवघ्या चार वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली. तिच्यात संकटे होती, वियोग होता, दुष्टांची कारस्थाने होती आणि शेवटी सज्जनांचा विजय होता. वाचकांनी ती उचलून धरली. म्हणजे वास्तव आणि अद्भुत ही जवळपास एकाच वेळी पाळण्यात घातलेली भावंडे होत. त्यांतले एक कुलदीपक ठरले आणि दुसरे उनाड, हा निवाडा पुढच्या काळातला.

या उनाड भावंडाला खतपाणी मिळाले ते इंग्लंडातून. जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा लेखक लंडनच्या श्रमिकांसाठी पेनीला एक अंक अशा स्वस्त साप्ताहिक कथा लिहीत असे. तिकडच्या प्रतिष्ठितांनी त्याला नाके मुरडली. इकडे मात्र त्याला मराठी वेष चढविण्यात आला. गोविंद नारायणशास्त्री दातार यांच्या ‘कालिकामूर्ति’सारख्या कादंबऱ्यांनी भुयारे, गुप्त दरवाजे आणि मध्यरात्रीच्या भेटीगाठी मराठी वाचकाच्या परिचयाच्या केल्या. विशेष हे की, सामाजिक कादंबरीचे जनक म्हणून ज्यांना आपण मान देतो त्या हरिभाऊ आपट्यांनीही आपली पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सचाच आधार घेऊन रचली होती. पुढे हरिभाऊ फार उंच गेले, हे खरेच. पण ज्या जिन्याने ते वर गेले त्याची पहिली पायरी कोणती होती, हे विसरू नये.

झुंजारची शाळा

विसाव्या शतकात या प्रवाहाला अर्नाळकरांनी नवे पात्र दिले. त्यांनी राजवाडे आणि भुयारे सोडली व मुंबई घेतली. झुंजार, काळापहाड, धनंजय हे त्यांचे नायक मोटारीतून धावत, वेष पालटत आणि पोलिसांच्या आधी गुन्हेगाराच्या दारात पोहोचत. काळापहाड तर स्वतःच कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार. पण दुबळ्याचा कैवारी. न्याय कचेरीत मिळतोच असे नाही, हे ज्यांना रोजच्या अनुभवाने ठाऊक होते अशा चाळकऱ्यांना आणि गिरणी कामगारांना तो आपला वाटला, यात नवल नाही.

अर्नाळकरांच्या उणिवा उघड आहेत. कथानके पुष्कळदा इंग्रजीवरून घेतलेली, पात्रे एका साच्यातली आणि योगायोगांची तर रेलचेल. परंतु त्यांचे वाक्य पाहावे. ते आखूड आहे, सोपे आहे आणि पुढच्या वाक्याकडे ढकलणारे आहे. चार इयत्ता शिकलेल्या माणसाला ते अडत नाही. प्रकरण नेमक्या अशा जागी संपते की, दिवा मालवायला उठलेला हात मागे यावा. हे कसब क्षुद्र आहे असे ज्यांना वाटते त्यांनी एक पान तसे लिहून पाहावे. आठवड्याच्या प्रवचनाला लोक जागे राहावेत म्हणून आम्ही अनेक वर्षे खटपट करीत आहोत, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

अर्नाळकरांच्या मागून आलेल्या गुरुनाथ नाईकांनीही हजारावर रहस्यकथा लिहिल्या. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास, फिरोज इराणी असे तडफदार नायक दिले. याच शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’वर २०१३ साली चित्रपट निघाला, तेव्हा त्यांच्या मृत्यूला दहा वर्षे झाली होती. मुलांसाठी भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा फास्टर फेणे निर्माण केला आणि ज्यूल व्हर्नच्या सफरीही मराठीत आणल्या. शिवाय ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारख्या दिवाळी अंकांनी या कथांना दरवर्षी हक्काचे घर दिले.

भयाचे मोल

नारायण धारप (१९२५–२००८) हे भयकथेचे मराठीतील सर्वांत मोठे नाव. त्यांची ‘लुचाई’ ही कादंबरी अमेरिकन लेखक स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’वर आधारलेली आहे. आधार घेतला म्हणून धारपांना दोष देणारे पुष्कळ भेटतात. आमचे मत थोडे निराळे आहे. भय हे परक्या भाषेतून जसेच्या तसे आणता येत नाही. आपल्या घरातला कोणता कोपरा अंधारा आहे, कोणत्या विहिरीकडे तिन्हीसांजेला मुलांना जाऊ देत नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे तोच वाचकाला घाबरवू शकतो. धारपांना ते ठाऊक होते. त्यांची भीती वाड्याच्या जिन्यावरून पाय न वाजवता खाली येते.

किंगच्या मूळ कादंबरीत कॅलहन नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू आहेत. रक्तपिपासू शत्रू त्यांना आव्हान देतो : हातातला क्रूस टाकून दे आणि केवळ श्रद्धेच्या बळावर माझ्यासमोर उभा राहा. कॅलहन कचरतात. तो क्षण जातो आणि हातातल्या क्रूसाचे तेज मावळते. हा प्रसंग आम्ही प्रथम वाचला तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. बाह्य चिन्ह आणि आंतरिक श्रद्धा यांच्या संबंधावर आम्हांला अनेक व्याख्याने ऐकायला मिळाली होती. पण त्या रात्री झोप लागली नाही ती या एका पानामुळे. ज्या वाङ्मयाला आम्ही वेळ घालविण्याचे साधन म्हणत होतो त्याने आम्हांला आमच्याच व्रताविषयी प्रश्न विचारला होता.

चांगली भयकथा दुष्टतेला गंभीरपणे घेते, हे तिचे पहिले मोल. दुष्टता म्हणजे केवळ परिस्थितीचा परिणाम, असे समजून आपण पुष्कळदा तिची बोळवण करतो. धारपांचा समर्थ हा नायक तशी बोळवण करीत नाही. अनिष्ट शक्ती आहे, तिला भूक आहे आणि तिच्यासमोर कुणीतरी उभे राहिलेच पाहिजे, एवढे तो जाणतो. याउलट जी भयकथा केवळ किळस आणि किंकाळ्या यांवर जगते ती दुसऱ्या वाचनात मरते. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा दुसऱ्या वाचनालाही टिकतात. कारण त्यांतले भूत बहुधा माणसाच्या मनातच दबा धरून बसलेले असते.

धारपांना व्यापक दाद मिळाली ती कशी? २०१८ साली ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट आला. त्याच्या मुळाशी धारपांची ‘आजी’ ही कथा आहे हे कळल्यावर तरुण मुले त्यांची पुस्तके शोधू लागली. २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा चित्रगृहांत लागला तेव्हा त्याला पहिल्या वेळेपेक्षाही अधिक गर्दी झाली. ज्याच्या कथेतून हे बीज आले तो लेखक मात्र २००८ सालीच गेला होता.

नाव झाकलेली कथा

विज्ञानकथेचे नशीब अधिक बरे. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर १९०० च्या सुमारास ‘केरळ कोकिळ’ मासिकात येऊ लागले होते. श्रीधर बाळकृष्ण रानडे यांची ‘तारेचे हास्य’ (१९१५) ही मराठीतील पहिली स्वतंत्र विज्ञानकथा मानली जाते. तथापि पुढे अनेक दशके ही कथा मुलांच्या खाऊसारखी मानली गेली. चित्र पालटले ते १९७४ मध्ये.

त्या वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी हे नाव बेतले होते. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. त्यावेळी नारळीकरांचे नाव जगभर झालेले होते. १९६५ मध्येच त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्या नावाने कथा पाठविली असती तर परीक्षकांना तिचे मोल करणे अवघड झाले असते. म्हणून त्यांनी नाव झाकले आणि कथेला एकटीला पुढे पाठविले.

पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेचा गौरव केला आणि माजघराचे दार उघडले. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर असे लेखक त्या दाराने आत आले. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपदही नारळीकरांकडेच गेले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले.

नारळीकरांच्या कथेत कधी कधी एखादे पात्र उभे राहून तास घेऊ लागते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. परंतु ‘वामन परत न आला’मध्ये प्राचीन संस्कृतीचे ज्ञान उत्खननात हाती लागते, त्यातून एक विचारी यंत्र घडविले जाते आणि घडविणाऱ्यालाच ते पेलेनासे होते. ही कादंबरी १९८० च्या दशकातली आहे. विचार करणाऱ्या यंत्रांविषयी आज जी चर्चा घरोघर चालते ती ऐकताना या वामनाची आठवण होते.

आम्हांला विचारात पाडते ती मात्र त्या झाकलेल्या नावाची गोष्ट. ज्याचे नाव सर्वांत मोठे त्याने निःपक्ष निवाडा व्हावा म्हणून ते झाकले. अर्नाळकर आणि धारप यांच्या बाबतीत उलट घडले. नाव वाचताच पुस्तक मिटले गेले. पाहुण्याला आत घ्यायचे की नाही हे त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर त्याच्या कपड्यांवरून ठरले.

एका पेटीची गोष्ट

हा दोष इतरांच्या माथी मारून आम्हांला मोकळे होता येणार नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, नवी दीक्षा घेतलेले सहायक धर्मगुरू असताना, एका पॅरिशच्या वाचनालयाची व्यवस्था आमच्याकडे होती. एका वृद्ध बागायतदाराने पत्र्याची एक पेटी वाचनालयाला आणून दिली. आत झुंजार होता, काळापहाड होता, धारपांची काही पुस्तके होती. आम्ही पुस्तकांची नावे पाहिली. एकही उघडले नाही. संतचरित्रांना कपाट अपुरे पडत होते. पेटीतली सारी पुस्तके आम्ही रद्दीत दिली.

दोन महिन्यांनी ते गृहस्थ आले. त्यांना एक पुस्तक पुन्हा वाचायचे होते. आम्ही खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ बाकावर बसून म्हणाले, “फादर, चौथीत माझी शाळा सुटली. पहाटेच्या गाडीनं भाजी घेऊन दादरला जायचो. येताना पाट्या रिकाम्या, हात रिकामे. तेव्हा ही पुस्तकं वाचायचो. वाचायला मला झुंजारनंच शिकवलं. पुढं तुम्ही दिलेली संतांची पुस्तकंही वाचली, ती त्याच्याच जिवावर.”

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

त्यानंतर आम्ही रद्दीची दुकाने धुंडाळली. सर्क्युलेटिंग लायब्रऱ्या एकामागून एक बंद झाल्या होत्या. त्या पुस्तिकांचा कागद हलका, शिलाई तकलादू; हाताळून हाताळून बहुतेक प्रती संपल्या होत्या. जे पुस्तक सर्वांनी वाचले तेच नाहीसे झाले आणि ज्याला कुणी हात लावला नाही ते कपाटात शाबूत राहिले, असा हा विचित्र न्याय.

सुज्ञ वाचकांना एकच विनंती आहे. आपल्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत, अशी पिवळी पडलेली पुस्तके असतील तर ती रद्दीत घालण्यापूर्वी मुखपृष्ठावरचे नाव हाताने झाकून पहिले पान वाचावे. दुसरे पान वाचावेसे वाटले नाही तर खुशाल टाकावीत. वाटले, तर आमच्याकडे पाठवावीत. आमच्या वाचनालयात आता त्यांच्यासाठी एक फळी मोकळी ठेवली आहे. आजवर तिच्यावर अकरा पुस्तके जमली आहेत.